पाण्याखालचा श्वास : जाक कुस्तो

सुट्टी लागली की हॉस्टेलची एखादी तरी गँग मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करून येते. मग आठवडाभर मेसमध्ये फोटो बघणं चालू! पण पाठीवरचं ते यंत्र ज्याच्यामुळे आपल्यापर्यंत पोचलं, त्या जाक-ईव्ह कुस्तोबद्दल फार कुणाला माहिती नसते.

कुस्तोचा जन्म 11 जून 1910 चा, फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या गावातला. नौदलात शिरला, व्हायचं होतं वैमानिक. पण मोटार अपघातात हात मोडले आणि ते स्वप्न तिथंच संपलं. हातांना व्यायाम म्हणून तो तूलाँच्या समुद्रात पोहू लागला. 1936 साली फिलिप तायए या नौदलातल्या मित्राने त्याला पाण्यात घालायचा चष्मा दिला. खालचं जग एकदा दिसल्यावर स्वारीला चैन पडेना. आता प्रश्न एकच, खाली टिकायचं कसं?

मिळेल ते उपकरण त्याने स्वतःवर करून पाहिलं. वरून पंपाने हवा सोडणारी नळी खाली असतानाच तुटली. शुद्ध ऑक्सिजनचं यंत्र दोनदा लावलं, दोन्ही वेळा आकडी आली आणि थोडक्यात वाचला. साधारण 6 मीटरखाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरू लागतो, हे आज सगळ्यांना माहीत आहे. त्याला ते जिवावर बेतून कळलं. ल प्रिअरच्या सिलिंडरात हवा होती, पण ती हाताने कमी-जास्त करावी लागे आणि भराभर संपे.

खरी गोची होती दाबाची. दर 10 मीटरला दाब 1 वातावरणाने वाढतो, म्हणजे 20 मीटरवर तो तिप्पट. हवा त्याच दाबाने आली तरच छाती फुगणार, आणि श्वास ओढू तेव्हाच आली तरच सिलिंडर पुरणार.

डिसेंबर 1942 मध्ये, ऐन महायुद्धात, तो पॅरिसला एमिल गान्याँ या इंजिनियरला भेटला. पेट्रोलच्या टंचाईमुळे गान्याँ मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक व्हॉल्व्ह तयार करत होता. दोघांनी तोच बदलून घेतला. मार्न नदीतल्या पहिल्या चाचणीत आडवं असताना झकास चाललं. उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढवेना. कारण साधं निघालं. हवा बाहेर पडायची झडप आणि आतला पडदा यांच्यात काही इंचांचं अंतर होतं, तेवढ्यानेच पाण्याचा दाब बदलत होता. झडप पडद्याशेजारी आणली आणि काम झालं! 1943 च्या जूनमध्ये कुस्तो या ‘अ‍ॅक्वालंग’सह भूमध्य समुद्रात मोकळेपणाने पोहला.

पण गोष्ट इथं संपत नाही. 1946 साली व्होक्लूझच्या झऱ्याच्या गुहेत कुस्तो आणि त्याचा साथीदार द्यूमा खोलवर उतरले आणि गुंगीने मरता मरता वाचले. व्हॉल्व्ह ठीक होता. सिलिंडर भरताना कॉम्प्रेसरने स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता. वर दोर धरून बसलेल्या मोरिस फार्गने त्यांना ओढून काढलं. पुढच्याच वर्षी तोच फार्ग 120 मीटरच्या पाटीवर सही करून बेशुद्ध पडला. वर ओढला तेव्हा श्वासनळी तोंडातून सुटलेली होती. तो वाचला नाही.

पुढे ‘कॅलिप्सो’ जहाज, 1956 साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा चित्रपट, 1960 साली समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याला विरोध, असं भरगच्च आयुष्य जगून 25 जून 1997 रोजी कुस्तो गेला.

आपण मात्र उपकरण निवडताना रंग आणि फोटो बघतो! मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढा. चिकटून राहिला तरच तो आपला. पाण्यात शिरण्याआधी रेग्युलेटरमधून चार श्वास घ्या आणि त्या वेळी दाबाच्या काट्याकडे बघा, तो थरथरता कामा नये. सिलिंडर कुठे भरला, कॉम्प्रेसरचा धूर कुठे जातो, हेही विचारा. विचारताना लाजू नका. आणि सगळं उत्तम असलं तरी शिकवलंय त्याहून खोल जाऊ नका. फार्गचं यंत्रही बिघडलेलं नव्हतं.