नागार्जुन : शून्यता म्हणजे 'काहीच नाही' नव्हे

शून्यतेचा विषय निघाला की धम्मवर्गात कुणीतरी विचारतेच, सगळेच शून्य असेल तर दुःख तरी खरे कसे, आणि ते दूर करण्याची धडपड कशासाठी? विचारणाऱ्याला हसू नये. आचार्य नागार्जुनांनी हा आक्षेप आपल्याच ग्रंथात मांडला आणि त्याला उत्तर द्यायला एक अख्खे प्रकरण दिले.

नागार्जुन साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, सातवाहनांच्या काळात होऊन गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. चरित्राचा बाकी भाग आख्यायिकांचाच आहे. तिबेटी परंपरा त्यांचा जन्म विदर्भात सांगते. कुमारजीवांच्या नावावर असलेल्या चिनी चरित्रात ते दक्षिणेतल्या ब्राह्मण घरातले. त्यातली एक कथा अशी : तरुणपणी त्यांनी तीन मित्रांसह अदृश्य होण्याचे औषध मिळवले आणि चौघे राजाच्या अंतःपुरात शिरू लागले. राजाने जमिनीवर बारीक माती पसरून ठेवली, पावलांचे ठसे उमटले आणि सैनिकांनी हवेत तलवारी चालवल्या. तिघे मित्र मारले गेले. राजाच्या अगदी जवळ उभे राहिल्याने नागार्जुन वाचले, आणि तृष्णाच दुःखाचे मूळ आहे हे तिथे उमगून भिक्खू झाले. कथा खरी की रचलेली, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. इतक्या मोठ्या तत्त्वज्ञाची सुरुवात परंपरेने एवढ्या घसरणीपासून सांगितली, हे मात्र लक्षात राहते.

'मूलमध्यमककारिका' हा त्यांचा मुख्य ग्रंथ : 27 प्रकरणे, सुमारे साडेचारशे श्लोक. त्याच्या पाचव्या प्रकरणात ते आकाश, म्हणजे मोकळी पोकळी, तपासायला घेतात. आकाश ही स्वतंत्र, नित्य गोष्ट आहे असे काही बौद्ध संप्रदायही मानत. अडथळा नसणे हे आकाशाचे लक्षण. पण त्या लक्षणाआधी आकाश कुठे होते, असे नागार्जुन विचारतात. मग आकाश वस्तू ठरत नाही. आणि वस्तूच ठरत नसेल, तर तिचा अभाव तरी कशाचा? 'आहे' आणि 'नाही' ही दोन्ही टोके ते सोडून देतात.

आपण खोली रिकामी आहे म्हणतो तेव्हा खोली नाही असे म्हणत नाही. आत सामान नाही, एवढेच म्हणतो. नागार्जुनांच्या शून्यतेत जे नसते, तो 'स्वभाव' : स्वतःच्या बळावर उभे असलेले, कधीच न बदलणारे मूळ. सगळे कारणांवर अवलंबून उभे आहे, म्हणून शून्य आहे. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद तो हाच. चोविसाव्या प्रकरणात ते आक्षेप उलटवतात : वस्तूंना पक्का स्वभाव असता तर दुःख कधी संपलेच नसते आणि मार्गाला अर्थ उरला नसता. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये शून्यवाद म्हणजे उच्छेदवाद नव्हे, हे स्पष्ट केले आहे.

वस्तीत काम करताना मला हे प्रकरण वारंवार आठवते. ही माणसे अशीच, यांचा स्वभावच असा, हे वाक्य कार्यालयांत इतक्या सहज बोलले जाते! जात टिकते तीही याच समजुतीवर. (अभ्यासमंडळांत मात्र शून्यतेवर तासन्‌तास बोलणारे लोक या मुद्द्यापाशी गप्प होतात.)

स्वतः नागार्जुन इथे गप्प बसले नाहीत. त्यांच्या नावावरची 'रत्नावली' राजाला उद्देशून आहे. परंपरेनुसार तो सातवाहन राजा. तिच्यात आंधळे, आजारी, निराधार यांना अन्नपाणी मिळावे आणि कैद्यांना न्हावी, अंघोळ, औषध, कपडे मिळावेत, असा सल्ला आहे. शून्यता सांगणारा माणूस कैद्याच्या अंघोळीची काळजी करतो. ते दुःख खोटे मानले असते तर हे लिहायचे कारणच नव्हते.

चिनी चरित्रातला शेवट असा : त्यांचा मत्सर करणाऱ्या एका आचार्याला त्यांनी विचारले, मी फार काळ जगावे असे तुम्हाला वाटते का? तो नाही म्हणाला. नागार्जुन एका खोलीत गेले आणि दार लावून घेतले. दिवस गेले तरी ते बाहेर आले नाहीत, तेव्हा शिष्याने दार फोडले. कात टाकून कीटक निघून जावा तसे ते निघून गेले होते.