देवांना चेहरा देणारा माणूस

डोळे मिटून लक्ष्मी आठवा बरं! कमळावर उभी, चार हात, अंगावर साडी आणि दागिने... बरोबर ना? आता सांगा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे पुराणातल्या गोष्टी मला अमर चित्र कथेतून भेटल्या, त्याही इंग्रजीत. पुढे २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने १९८७ची 'रामायण' मालिका पुन्हा दाखवली. पडद्यावर राम आला की आजी हात जोडायची. मला मात्र एकच कोडं पडायचं. कॉमिकमधली, मालिकेतली आणि आजीच्या देवघरातल्या फ्रेममधली देवी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी कशा? उत्तर शोधत मी पोहोचले राजा रविवर्मांपर्यंत.

त्यांचा जन्म १८४८ साली केरळातल्या किळिमानूरचा. लहानपणीच चित्रकलेची ओढ लागली. पहिले धडे मामाने दिले. चौदाव्या वर्षी ते त्रावणकोरच्या राजवाड्यात आले. १८६८ साली तिथे थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार आला. त्याने शिकवलं नाही, फक्त बघू दिलं. रविवर्मा बघून बघून तैलरंग शिकले. आपण व्हायवामध्ये शिकवलंच नव्हतं म्हणून रडतो, ते आठवलं!

१८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं आणि संस्थानिकांची रांग लागली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली. हाडामांसाच्या वाटणाऱ्या सीता-शकुंतला बघायला लोकांनी गर्दी केली. पण मूळ चित्रं शेवटी राजवाड्यातच राहणार. सामान्य माणसाचं काय?

इथे आपल्या ब्रँचची गोष्ट सुरू होते. १८९४ साली रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ राजा राजा वर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. जर्मन मशिनं, जर्मन कारागीर. तंत्र लिथोग्राफीचं. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. तेल-पाण्याचं जमत नाही, म्हणून छपाईची शाई फक्त चित्रालाच चिकटते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे रंग कागदावर अचूक एकावर एक बसले पाहिजेत! पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. धंदा मात्र जमला नाही. कर्ज वाढलं आणि छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायखरला, विकावा लागला. १९०५ साली भाऊ गेला आणि १९०६ साली रविवर्माही गेले.

चित्रं मात्र थांबली नाहीत. त्या छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. १९६७ साली सुरू झालेल्या अमर चित्र कथेनेही देवांचं तेच रूप उचललं आणि मग टीव्हीनेही.

आता एक गोष्ट, जी वाचून मी गप्प झाले. त्रावणकोरमध्ये दलितांना सरकारी देवळांत प्रवेश मिळाला १९३६ साली, म्हणजे रविवर्मांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. त्याच्या कितीतरी आधी त्यांच्या छापील देवी बाजारात विकायला होत्या. देवळाच्या दारात माणूस अडवता येतो, भिंतीवरच्या कागदाला कोण अडवणार?

पण दुसरी बाजूही आहेच. गावोगावच्या शेंदूर फासलेल्या, काळ्या दगडाच्या, उग्र डोळ्यांच्या देवी या छापात बसल्या नाहीत. गोरी, दागिन्यांनी मढलेली, घरंदाज दिसणारी देवी हीच खरी, असं आपणही न कळत धरून चाललो. सीरियलमध्ये सावळ्या रंगाची माणसं बहुतेकदा राक्षसच का होतात, हे कधी विचारलंय आपण?

हे सगळं मी आजीला सांगितलं. मनात धाकधूक होती, तिची श्रद्धा दुखावेल म्हणून. ती फ्रेम पुसत होती. तिचं म्हणणं एवढंच, की चेहरा माणसाने काढला असेल, पण हात ती चेहऱ्याला जोडत नाही.

मी निरुत्तर! पण तेव्हापासून कुठलाही देव पडद्यावर आला की मी आधी मनातल्या मनात ड्रॉइंग कोणाचं ते विचारते. नमस्कार मग करते.