कुंडीतला वाटाणा आणि दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. त्याच्या आधीची कुंडीतल्या वाटाण्याची गोष्ट बहुधा एका ओळीत उरकली जाते. वास्तविक त्यांच्या स्वभावाची पारख त्या गोष्टीतच होते.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग असे अनेक उद्योग त्यांनी केले. १९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि चित्रपटाच्या ध्यासाने त्यांना घेरले. अतिश्रमाने काही काळ दृष्टीही अधू झाली. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून १९१२च्या आरंभी ते लंडनला गेले, तेथून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन परतले. छिद्रे पाडण्याचे हे काम पुढे सरस्वतीबाई अंधारात बसून करीत.

आता प्रश्न होता भांडवलाचा. ज्या धंद्याचे नावही लोकांना ठाऊक नाही, त्यासाठी पैसे कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि बी अंकुरून वेल होईपर्यंतची वाढ महिनाभराहून अधिक काळ टिपली. पडद्यावर ती मिनिटाभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ हा तो पट. आज आपण ज्याला टाइम-लॅप्स म्हणतो, तेच हे तंत्र.

रोज एकच चित्र घेतले, अशी हकिकत सर्रास सांगितली जाते. ती गणितात बसत नाही. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे पडद्यावरून सरकत. रोज एक या हिशोबाने महिन्यात तीस चित्रे होतात. ती दोन सेकंदांतच संपतील! मिनिटभराच्या पटाला ९६० चित्रे, म्हणजे साठ फूट फिल्म हवी. तीस दिवसांत ती घ्यायची तर दिवसाला बत्तीस. रात्रंदिवस घेतली तर दर पाऊण तासाला एक. केवळ बारा तासांच्या उजेडात घेतली तर दर बावीस-तेवीस मिनिटांना एक. तेव्हा हकिकतीतला महिना आणि मिनिट खरे धरले, तर ‘रोज एक’ सोडून द्यावे लागते. मला तरी तेच सयुक्तिक वाटते.

हे अंतर ठरविण्यातच खरी कसोटी असते. किती वेळ चित्रण करायचे आणि पडद्यावर ते किती वेळ चालावे, हे आधी ठरवावे. त्यावरून चित्रांची संख्या निघते आणि संख्येवरून अंतर. परंतु विषयाची स्वतःची गतीही पाहावी लागते. वाटाण्याचे खोड संथपणे उंच होते, पण त्याचा तणावा आधार शोधत सुमारे दीड तासात एक फेरी मारतो. पाऊण तासाच्या अंतराने चित्रे घेतली तर तो एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असा थरथरताना दिसेल. फेरी ओघवती दिसावी यासाठी काही मिनिटांचेच अंतर हवे. पण मग फिल्म कितीतरी पट लागते, आणि तिचा प्रत्येक फूट कर्जाच्या पैशांचा होता. त्यात उन्हाचा कमीजास्तपणा. प्रकाश बदलला की पडद्यावर चित्र लुकलुकते. कॅमेऱ्याला किंवा कुंडीला नुसता धक्का लागला तरी आधीचे सारे दिवस वाया जाणार. हाताने दांडी फिरविण्याच्या त्या काळात नेहमी एका फेऱ्यात आठ चित्रे उमटत. येथे मात्र एकेक चित्र मोजून घ्यायचे होते. आज आपल्या मुलांच्या हातातला मोबाइल ही मोजणी आपोआप करतो आणि पडद्यावर सेकंदाला चोवीस किंवा तीस चित्रे दाखवतो. किती अंतराने काय टिपावे, हे मात्र अजूनही ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

तो चिमुकला पट पाहून कर्ज देणारे पुढे आले. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तेव्हा दादासाहेबांनी वयाची त्रेचाळीस वर्षे नुकतीच पूर्ण केली होती.