तेरेज द दिल्माँ
तेरेज द दिल्माँ (१० ऑक्टोबर, इ.स. १८४६ - २२ मे, इ.स. १८९०) या ऑस्ट्रियन भरतकामतज्ज्ञ व लेखिका होत्या. भरतकाम, विणकाम, क्रोशा, टॅटिंग आणि लेस यांची पद्धतशीर माहिती देणारा त्यांचा सुईकामाचा ज्ञानकोश इ.स. १८८६मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. पुढे त्याची १७ भाषांत भाषांतरे झाली.

जीवन
दिल्माँ यांचा जन्म ऑस्ट्रियातील वीनर नॉयश्टाट येथे झाला. बहीण फ्रान्सिस्का हिच्यासह त्यांनी भरतकामाची शाळा सुरू केली. इ.स. १८७८च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांची ज्याँ दोल्फ्यूस यांच्याशी भेट झाली. दोल्फ्यूस हे म्युलूझ येथील दोल्फ्यूस-मीग (डीएमसी) या सूत व्यवसायातील कंपनीचे होते. इ.स. १८८४मध्ये बहिणीबरोबरची शाळा सोडून दिल्माँ म्युलूझजवळील दोर्नाख येथे गेल्या. अल्सास प्रांतातील हे गाव त्या काळी जर्मन साम्राज्यात होते. कंपनीच्या सहकार्याने त्यांनी तेथे नवी शाळा काढली व ग्रंथाचे लेखन केले.

ग्रंथ व लेसकाठ
अनेक पुस्तकांत विखुरलेली माहिती एकत्र आणणे आणि आकृत्यांच्या आधारे ती शिकणाऱ्यास सुगम करणे, हा ग्रंथाचा हेतू होता. रुमाल, अभ्रे व कपडे यांच्या कडेला लावावयाच्या अरुंद लेसचे अनेक नमुने त्यात आहेत. सुयांवरील विणकामात सुलट-उलट टाके व जाळी ओळीओळीने सांगितली आहे. क्रोशात साखळ्या व खांब यांची संख्या दिली असून पुन्हा करावयाच्या भागाच्या आरंभी तारकाचिन्ह आहे. टॅटिंगमध्ये डाव्या हाताच्या बोटांभोवती धागा धरून उजव्या हातातील लहान धोट्याने दुहेरी गाठी मारतात. त्या ओढून गोल कडी तयार होते आणि गाठींमधील सैल फासांनी कड्या एकमेकींना जोडल्या जातात. जी कृती पूर्वी शिक्षिकेच्या शेजारी बसून पाहावी लागे, ती अशा लेखनामुळे घरबसल्या शिकता येऊ लागली.

नमुन्यांसोबत डीएमसी कंपनीच्या धाग्याचा प्रकार व क्रमांक दिलेला असतो. त्यामुळे लेसची जाडी व रुंदी अचूक साधता येते. त्याचबरोबर कंपनीच्या मालाची जाहिरातही होते. शिक्षण व व्यापार यांची ही सांगड ग्रंथाच्या प्रसारास उपकारक ठरली, तरी त्यामुळे ग्रंथ एका कंपनीच्या मालाशी कायमचा बांधला गेला.

मृत्यू व वारसा
इ.स. १८८९मध्ये दिल्माँ यांचा व्हिएन्नातील एका व्यापाऱ्याशी विवाह झाला. त्यानंतर वर्षभरातच, वयाच्या ४३व्या वर्षी, बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्याच नावाच्या भाचीने हे कार्य पुढे चालविले. डीएमसीच्या नमुना-पुस्तकांवर दिल्माँ हे नाव प्रकाशक म्हणून दीर्घकाळ छापले जात राहिले. यांतील अनेक पुस्तकांवर प्रकाशनवर्ष नाही. परिणामी विसाव्या शतकातील लेसकाठांचे नमुनेही कित्येकदा त्यांच्या नावावर नोंदले जातात. मुखपृष्ठावर हे नाव असले, तरी त्यातील प्रत्येक नमुना त्यांचा असतोच असे नाही.