रानवाटांवरचे नव्वद वर्षांचे पाऊल

गोंदिया : नोव्हेंबर उजाडला की नवेगाव बांधाच्या जलाशयावर पहाटेचे धुके उतरते आणि त्या धुक्याआडून दूरदेशीच्या बदकांचा कलरव ऐकू येऊ लागतो. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. २०२० मध्ये राज्य शासनाने त्याची घोषणा केली. त्याची सुरुवात होते ती नवेगावच्या जंगलाला साहित्यात अजरामर करणारे अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी, आणि सांगता होते डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनी. नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील पक्षी अभयारण्यालाही सलीम अली यांचेच नाव आहे. पक्षितज्ज्ञ म्हणून त्यांची ख्याती सर्वश्रुत आहे. मात्र मोकळे आकाश आणि घरची माणसे या दोन आधारांवर त्यांनी आयुष्यातील आघात कसे पेलले, ही कथा तितकीशी सांगितली जात नाही. कर्करोगाशी झुंजणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ती जाणून घ्यावी अशी आहे.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. घर मोठे, मुलांनी गजबजलेले. मामांना शिकारीचा नाद होता आणि तोच भाच्यात उतरला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा कुतूहल जागे झाले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्या मुलापुढे उघडला आणि एका आयुष्याची दिशा ठरली.

ही वाट मात्र सरळ नव्हती. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाण व्यवसायात काही वर्षे गेली. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. तेथून रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्रा. एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे धडे गिरविले. १९३० मध्ये परतले, तो निधीअभावी नोकरीच उरली नव्हती.

उमेदीच्या वयात बेकारी आली की माणूस खचतो. सलीम अली आणि तेहमिना अलिबागजवळच्या किहीम येथे जाऊन राहिले. तेथे झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस त्यांनी ती न्याहाळण्यात घालविले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच संसार मांडते. आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईने नोंदविले. या निरीक्षणांनी त्यांना पक्षिशास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले. नोकरी गेली नसती, तर कदाचित हे काम झालेच नसते.

त्यानंतर संस्थानांच्या पक्षी पाहण्यांचे पर्व सुरू झाले. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. तंबूतला मुक्काम, पहाटेची पायपीट, कंदिलाच्या उजेडातले टिपण. शहरी सुखसोयींत वाढलेल्या तेहमिना या भटकंतीत त्यांच्या सोबत असत. छावणीचा संसार त्या सांभाळत आणि पतीच्या लेखनावरही त्यांची नजर फिरे. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकस्मात निधन झाले. या आघाताने सलीम अली पार कोलमडले. तेव्हा बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेले. पुढची कित्येक वर्षे तेच त्यांचे घर राहिले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक प्रकाशित झाले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा पक्षिकोश १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते.

वय वाढले तरी पाय थांबले नाहीत. भरतपूरचे पाणथळ आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचविण्यासाठी त्यांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. १९८५ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ते राज्यसभेवर नियुक्त झाले. आयुष्याच्या अखेरीस प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाने त्यांना गाठले. दीर्घ आजारानंतर २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीत, मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली.

त्या काळी कर्करोग म्हटले की अंथरूण आणि विश्रांती, असाच सर्वसाधारण समज होता. आज वैद्यकशास्त्र वेगळे सांगते. उपचार सुरू असतानाही झेपेल इतका नियमित व्यायाम केल्यास थकवा आणि चिंता कमी होते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी काढला आहे. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास मध्यम गतीचे चालणेही उपयोगी ठरते. प्रोस्टेटच्या कर्करोगात संप्रेरके रोखणाऱ्या औषधांनी हाडे आणि स्नायू कमकुवत होतात. तेथे तर हालचालीचे मोल अधिकच. अर्थात व्यायाम हा उपचारांना पर्याय नव्हे. हाडांत रोग पसरला असेल, रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या असतील, तर डॉक्टरांना विचारूनच घराबाहेर पडावे.

पक्षिनिरीक्षण या दृष्टीने मोठे सोयीचे. चार पावले चालावे, थांबावे, पाहावे. थांबण्यात कमीपणा नसतो, कारण पक्षी पाहणारा थांबतोच. सोबतीला नातवंड असेल तर दुर्बीण त्याच्या हाती आणि नाव सांगण्याचा मान आजोबांकडे. घरातले बोलणे तेवढा वेळ अहवाल आणि औषधे सोडून दुसऱ्या विषयाकडे वळते.

गोंदियाकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. जिल्ह्यातील धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव यांच्या आश्रयाने सारस टिकून आहे; महाराष्ट्रात तो मुख्यतः येथेच उरला आहे. सारसाची जोडी आपल्या पिल्लाला मध्ये घेऊन शेतातून चालते, तेव्हा तिची चाल कधीच घाईची नसते. पिल्लाला झेपेल तेवढीच असते. आजारी माणसाला घेऊन बांधावर निघालेल्या कुटुंबानेही तीच चाल धरावी.