खिशात मावेल एवढं दुःख

दिवाळीच्या अंकात मरणाच्या कवितांचा विषय कशाला, असं काही जण म्हणतील. पण इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एक तळहाताएवढं पुस्तक मिळालं. कोपरे झिजलेले, पानं पिवळी पडलेली. त्यातल्या कवितांनी मला जितकं धरून ठेवलं, त्याहून जास्त त्याच्या आकाराने. मरणावरचं पुस्तक एवढं छोटं कुणी आणि का छापलं असेल? त्या शोधात कवीचं आयुष्य वाचत गेलो, आणि वाटलं की हे आपल्या मंडळींना सांगायलाच हवं.

पुस्तकाचं नाव 'अ श्रॉपशायर लॅड', कवी ए. ई. हाऊसमन. एकूण 63 कविता. बहुतेकांत ऐन तारुण्यात मेलेली मुलं आहेत: कुणी सैनिक, कुणी फाशी गेलेला, कुणी शर्यत जिंकून लवकरच गेलेला. भाषा मात्र लोकगीतासारखी साधी.

आल्फ्रेड एडवर्ड हाऊसमनचा जन्म 26 मार्च 1859 चा, इंग्लंडच्या वूस्टरशायर परगण्यातला. सात भावंडांत हा थोरला. 1871 साली, नेमकी त्याच्या बाराव्या वाढदिवशी, त्याची आई कॅन्सरने गेली. मुलगा तेव्हा घरापासून दूर, ओळखीच्यांकडे होता. देवावरची त्याची श्रद्धा तिथूनच ढळू लागली.

अभ्यासात तो अतिशय हुशार. 1877 मध्ये शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. सगळ्यांची खात्री होती की हा पहिल्या वर्गात येणार. 1881 मध्ये शेवटच्या परीक्षेत तो चक्क नापास झाला! स्वतःच्या आवडीच्या लॅटिन कवींवर तो रात्रंदिवस घालवत होता आणि अभ्यासक्रमातल्या तत्त्वज्ञानाकडे त्याने पाठ फिरवली होती, हे एक कारण. मन ठिकाणावर नव्हतं, हे दुसरं असावं. त्याच्या खोलीसोबत्यावर, मोझेस जॅक्सनवर, त्याचं प्रेम जडलं होतं. जॅक्सनच्या मनात तसं काही नव्हतं. त्यातून 1885 च्या कायद्याने इंग्लंडात पुरुषापुरुषांतले असे संबंध सरसकट गुन्हा ठरले. हाऊसमनने आयुष्यभर याबद्दल मौन पाळलं.

1882 मध्ये त्याने लंडनच्या पेटंट कार्यालयात कारकुनी धरली. जॅक्सनही तिथेच होता. आपल्यातल्या अनेकांना यातली पुढची गोष्ट ओळखीची वाटेल: दिवसा पोटासाठी नोकरी, आणि संध्याकाळी आपलं खरं काम. ऑफिस सुटलं की हा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जायचा आणि ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या पाठांवर लेख लिहायचा. दहा वर्षं हे चाललं. त्या लेखांच्या जोरावर 1892 मध्ये तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लॅटिनचा प्राध्यापक झाला. अर्जात त्याने आपण ऑक्सफर्डला नापास झालो होतो हे स्वतःहून लिहिलं होतं. आजकाल सीव्ही कसा लिहितात ते आपल्याला माहीत आहेच!

मधल्या काळात, 1887 मध्ये, जॅक्सन कराचीच्या सिंध कॉलेजचा प्राचार्य होऊन गेला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं. 1889 मध्ये तो लग्नासाठी इंग्लंडला आला. हाऊसमनला बोलावणं नव्हतं. जोडपं परत निघून गेल्यावर त्याला ही बातमी कळली.

या पार्श्वभूमीवर कविता आल्या. बऱ्याचशा 1895 च्या सुरुवातीच्या महिन्यांत. मॅकमिलनने पुस्तक नाकारलं, म्हणून 1896 मध्ये हाऊसमनने स्वतःच्या खिशातले 30 पौंड घालून 500 प्रती छापून घेतल्या. त्या संपायला बराच काळ लागला. त्यातली एक प्रत 1897 मध्ये, नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या ऑस्कर वाइल्डला त्याने पाठवली. स्वतःबद्दल एक अक्षर न बोलणाऱ्या माणसाने केलेली ही एवढीच कृती, पण बरंच काही सांगून जाणारी.

1898 मध्ये ग्रँट रिचर्ड्स या तरुण प्रकाशकाने पुस्तक घेतलं. हाऊसमनने मानधन घेतलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच की त्या पैशातून किंमत कमी ठेवा. पुढे छोट्या आकाराच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या. ज्या पोरांबद्दल कविता होत्या, त्यांना ती परवडली पाहिजेत आणि त्यांच्या खिशात मावली पाहिजेत. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

आणि ती खिशात गेलीही. 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात हाऊसमनचा धाकटा भाऊ हर्बर्ट मारला गेला. पहिल्या महायुद्धात हे पुस्तक कितीतरी सैनिकांच्या गणवेशात होतं. या कवितांना चाली लावणारा जॉर्ज बटरवर्थ 1916 मध्ये सोमच्या लढाईत पडला.

हाऊसमन 1911 पासून केंब्रिजला होता. विद्यार्थ्यांना त्याचा धाक वाटे. मॅनिलियस या रोमन कवीच्या संपादनाचे पाच खंड त्याने 1903 ते 1930 या काळात काढले, आणि पहिला खंड जॅक्सनला अर्पण केला. जॅक्सन पुढे कॅनडात जाऊन शेती करू लागला. 1922 मध्ये तो कॅन्सरने आजारी असल्याचं कळल्यावर, एरवी वर्षानुवर्षं कविता दडवून ठेवणाऱ्या हाऊसमनने घाईने 'लास्ट पोएम्स' छापून घेतलं, मित्राच्या हयातीत त्याच्या हाती पडावं म्हणून. प्रत वेळेत पोचली. जानेवारी 1923 मध्ये जॅक्सन गेला.

आता एक गंमत. हाऊसमन श्रॉपशायरचा नव्हताच. लहानपणी घराजवळच्या टेकडीवरून पश्चिमेला तिथले डोंगर दिसायचे, तेवढीच ओळख. त्याच्या कवितेत ह्यूली गावाच्या चर्चचा उंच मनोरा आहे. भाऊ बघायला गेला तर मनोरा तसा नव्हताच! दुरून दिसणारा प्रदेश माणूस मनात कसा रचत जातो, हे आपल्याला, गाव सोडून आलेल्यांना, वेगळं सांगायला नको.

30 एप्रिल 1936 रोजी केंब्रिजमध्ये तो गेला. अस्थी मात्र श्रॉपशायरमध्ये, लडलो गावच्या सेंट लॉरेन्स चर्चच्या भिंतीशी ठेवल्या आहेत. जिथे कधी राहिला नाही, तिथे तो शेवटी कायमचा राहायला गेला.