संत व्हॅलेंटाईन : एक नाव, अनेक आख्यायिका

दरवर्षी १४ फेब्रुवारी हा दिवस प्रेमिकांचा दिवस म्हणून साजरा केला जातो. ज्यांच्या नावाने हा दिवस ओळखला जातो, ते संत व्हॅलेंटाईन तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात होऊन गेले, अशी परंपरा आहे. त्यांच्या चरित्रातील विश्वसनीय भाग मात्र अत्यल्प आहे. त्यांचे नाव, स्मरणाची तिथी आणि रोमहून उत्तरेकडे जाणाऱ्या फ्लामिनियन मार्गालगतचे दफनस्थान, एवढ्यावरच अभ्यासकांची भिस्त आहे.

हुतात्म्यांच्या ज्या जुन्या कथा लॅटिन भाषेत लिहिल्या गेल्या, त्या त्यांच्या मृत्यूनंतर काही शतकांनी. त्यातील एका कथेनुसार व्हॅलेंटाईन हे रोममधील धर्मगुरू होते. ख्रिस्ती धर्मीयांचा छळ होत असताना सम्राट दुसरा क्लॉडियस याच्यासमोर त्यांना उभे करण्यात आले. पुढे त्यांना अस्टेरियस नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात देण्यात आले. अस्टेरियसची दत्तक कन्या अंध होती. व्हॅलेंटाईन यांच्या प्रार्थनेने तिला दृष्टी लाभली आणि त्या घरातील सर्वांनी बाप्तिस्मा घेतला. हे समजताच सम्राटाने व्हॅलेंटाईन यांचा शिरच्छेद करविला.

दुसऱ्या कथेतील व्हॅलेंटाईन हे रोमच्या उत्तरेस असलेल्या तेर्नी नगराचे बिशप आहेत. क्रेटन नावाच्या विद्वानाच्या आजारी मुलाला बरे करण्यासाठी ते रोमला आले. तेथे अनेकांनी त्यांच्या प्रभावाने नवा धर्म स्वीकारला आणि त्याची किंमत त्यांना प्राण देऊन चुकवावी लागली. त्यांच्या शिष्यांनी त्यांचा देह तेर्नीला नेऊन पुरला. ही दोन वेगळी माणसे होती की एकाच माणसाच्या या दोन कथा झाल्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

लक्षणीय बाब अशी की, या दोन्ही कथांत प्रेमप्रकरण कोठेच नाही. सम्राटाने सैनिकांच्या विवाहांवर बंदी घातली आणि व्हॅलेंटाईन यांनी गुप्तपणे त्यांची लग्ने लावली, ही आज सर्वाधिक सांगितली जाणारी कथा पुष्कळ नंतरची आहे. तुरुंगातून त्या मुलीला लिहिलेल्या निरोपाच्या पत्राची कथाही तशीच उत्तरकालीन. क्लॉडियसने अशी बंदी घातल्याची नोंद रोमन इतिहासात आढळत नाही. २६८ ते २७० या त्याच्या अल्प कारकिर्दीचा बराच काळ गॉथ टोळ्यांशी लढण्यात गेला आणि साथीच्या रोगाने त्याचा अंत झाला.

मग या धर्मगुरूंचा प्रेमाशी संबंध जुळला कसा? त्याचे श्रेय बव्हंशी चौदाव्या शतकातील इंग्रज कवी जेफ्री चॉसर याच्याकडे जाते. या संताच्या दिवशी पक्षी आपापला जोडीदार निवडतात, अशी कल्पना त्याने आपल्या पक्ष्यांच्या सभेवरील काव्यात मांडली. इंग्लंडमध्ये फेब्रुवारीच्या मध्यास थंडीच असते, पण कविकल्पनेला ऋतूचे बंधन कसले! दरबारी वर्तुळात ही प्रथा रुजली. १४७७ साली मार्जरी ब्रूज या तरुणीने आपला भावी पती जॉन पास्टन याला धाडलेल्या पत्रात त्याला व्हॅलेंटाईन असे संबोधले आहे. विवाह ठरण्यात हुंड्याच्या रकमेचा अडसर आला होता आणि त्याचीच चिंता त्या पत्रात आहे. पुढे दोघांचा विवाह झाला.

संताविषयीची माहिती इतकी तुटपुंजी असल्याने १९६९ साली कॅथलिक चर्चने त्यांचा सण सार्वत्रिक रोमन पंचांगातून वगळला. हुतात्म्यांच्या अधिकृत यादीत मात्र त्यांचे नाव कायम आहे. त्यांचे म्हणून मानले जाणारे अवशेष आज एकाहून अधिक ठिकाणी जपलेले आहेत. रोममधील सांता मारिया इन कॉस्मेदिन चर्चमध्ये फुलांनी सजविलेली कवटी ठेवलेली आहे, तर पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३६ साली भेट दिलेले अवशेष डब्लिनच्या व्हाईटफ्रायर स्ट्रीट चर्चमध्ये आहेत. तेर्नीच्या बॅसिलिकात त्यांची समाधी मानली जाते. विवाह ठरलेली जोडपी फेब्रुवारीत तेथे एकत्र येऊन परस्परांना वचन देतात.